ओतणारा आणि निवडणारा

वहिनींनी बाटली फिरवून तिची पाठ पुढे केली आणि नाकावरचा चष्मा कपाळावर ढकलला. मागच्या बाजूची अक्षरं मुंगीच्या पायांएवढी होती. ज्याने ती छापली होती, त्याला कुणी ती वाचावीत अशी फारशी इच्छा नसावी.

“काय शोधताय?” दुकानदाराने काउंटरमागून विचारलं.

तो बराच वेळ बघत होता. शनिवारची दुपार होती, दारूच्या दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं आणि या बाईंनी त्याच्या फळीवरच्या आठ-दहा बाटल्या एकामागून एक फिरवून भिंतीकडे तोंड करून उभ्या केल्या होत्या, वर्गात शिक्षा झाल्यासारख्या.

“साखर,” वहिनी म्हणाल्या. “म्हणजे नसलेली.”

“गोड न लागणारी हवी, की साखर नसलेली हवी?”

“त्यात फरक असतो?”

“मोठा असतो.”

वहिनींना हा माणूस तिथल्या तिथे आवडला. इतर दोन दुकानांत त्यांनी हेच विचारलं होतं. एका ठिकाणी त्यांना फळांच्या रसाची बाटली दाखवली होती, आणि दुसऱ्या ठिकाणी “काकू, चुकून आलात का?” असं विचारलं होतं. त्यांनी हातातली बाटली खाली ठेवली, पर्स बगलेत नीट दाबली आणि आपल्या अटी सांगितल्या. साखर नको. बाटली एकच हवी, आणि ती दोघांत वाटता आली पाहिजे. आणि ती त्याच बैठकीत संपली पाहिजे, तळाशी थेंब उरता कामा नये; पण संपल्यावर माणसं आपापल्या पायांनी घरी गेली पाहिजेत.

दुकानदाराने हे सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं.

“वाढदिवस आहे का?”

“नाही,” वहिनी म्हणाल्या. “शनिवार आहे.”

*

शनिवारचं असं होतं. वहिनींचा नवरा आणि दीर मिळून सोफे-खुर्च्यांना गाद्या चढवायचं दुकान चालवत, आणि शनिवारी संध्याकाळी शटर अर्धं ओढलं की दोघं भाऊ कापड कापायच्या मोठ्या टेबलापाशी बसून बिअरची एक मोठी बाटली संपवत. एकच. लग्न होऊन वहिनी या घरात आल्या त्याच्याही आधीपासूनची ही रीत होती.

थोरल्याला सगळे दादा म्हणत. स्प्रिंगा बांधणं, काथ्या भरणं, फोम बसवणं हे दादांचं काम. धाकट्याला बारक्या म्हणत. हे नाव त्याला पाळण्यात शोभलं असेल. आता पन्नाशी उलटलेला बारक्या दुकानाच्या मागच्या दारातून आत येताना थोडा तिरका होऊन येई. त्याचं काम कात्रीचं. खडूने रेघ न आखता तो कापड कापी, आणि पट्ट्यापट्ट्यांचं कापड असलं तर पाठीवरून निघालेली पट्टी बैठकीवर उतरून पुढच्या झालरीपर्यंत सरळ जाई, कुठे धाग्याचाही फरक पडत नसे. त्या दोघांच्या मधे, खिडकीशी, मशीनवर वहिनी. खोळी शिवायच्या आणि दोघांवर लक्ष ठेवायचं. नवरा सोडून सगळं जग त्यांना वहिनी म्हणे, पोस्टमनसुद्धा.

भाऊ कामाच्या वेळी बोलत नसत. भांडण होतं म्हणून नव्हे, तोंडात खिळे असत म्हणून. एकाच्या तोंडात खिळे, दुसऱ्याच्या तोंडात टाचण्या. जे काही बोलायचं ते शनिवारच्या बाटलीवर. हे दुकान भाड्याने घ्यायचं की नाही, ते त्या टेबलावर ठरलं होतं. बारक्याने लग्न करायचं, तेही तिथेच ठरलं होतं, आणि त्याने ते बायकोला फार उशिरा सांगितलं, ही चूक ती अजून विसरलेली नव्हती.

आणि बाटली वाटायचा नियम होता तो त्यांच्या आईचा. लहानपणी एका सफरचंदावरून दोघं एकमेकांच्या झिंज्या उपटत, तेव्हा ती माउली कंटाळून म्हणाली होती, एकाने वाटे करायचे, दुसऱ्याने निवडायचं, आणि मला यापुढे हाक मारायची नाही. तेव्हापासून बारक्या वाटे करी आणि दादा निवडत. बिअरचंही तेच. बारक्या दोन ग्लास शेजारी शेजारी ठेवी, एक डोळा मिटून, हनुवटी टेबलाला टेकवून ओती, बाटली निथळेपर्यंत धरी. मग हात मागे घेई. दादा एक ग्लास उचलत. मगच दुसऱ्याला हात लावायचा.

आता, मशीनवरून वहिनींना ते दोन ग्लास अगदी समोर दिसत. आणि एका ग्लासात नेहमी थोडं जास्त असे. फार नाही. बोटभर. दादा नेहमी कमी असलेला उचलत.

नव्या नवरीला हे दिसलं तेव्हा तिला आपल्या नवऱ्याचं कौतुक वाटलं. काही वर्षांनी तेच दिसलं तेव्हा जरा राग आला. ज्याच्या कात्रीखाली धागा इकडचा तिकडे होत नाही, त्याचा अंदाज नेमका शनिवारी कसा चुकतो? आणि नेमका असाच कसा चुकतो, की थोरला कमी उचलणार आणि मोठा ग्लास धाकट्याच्या पुढ्यात उरणार? एकदा त्यांनी घरी विषय काढला. दादा म्हणाले, “फेस असतो गं. फेसाने अंदाज चुकतो.” आणि कूस बदलून झोपले. वहिनींनी विषय सोडला, पण मनात एक टाचणी राहिलीच. बोचत नसे, फक्त हाताला लागे.

*

मग दादांच्या रक्तात साखर निघाली.

फार नव्हती, उंबरठ्यावर होती. डॉक्टर म्हणाले, गोळ्या आत्ताच नकोत, आधी खाणं बदलून बघू. दूरच्या शहरात राहणाऱ्या मुलीने ते वाक्य उचललं आणि फोनवरून बापाचं ताट रिकामं करून टाकलं. पाव गेला, भात गेला, बटाटा गेला, चहातली साखर गेली. अंडी आली, चीज आलं, बदाम आले, आणि कोबी तर राहायलाच आला. या खाण्याला ‘कीटो’ म्हणतात असं तिने सांगितलं. डॉक्टरांनीही मान डोलावली, फक्त दर काही आठवड्यांनी रक्त तपासायचं असं बजावलं. दादांनी कुरकुर केली नाही. ते हाडाचे कारागीर. काय काढायचं आणि काय भरायचं ते एकदा कळलं की झालं. महिना-दोन महिन्यांत साखर उतरू लागली, पोट आत गेलं, आणि चामड्याला भोकं पाडायच्या आरीने त्यांनी स्वतःच्याच पट्ट्याला एक नवं भोक पाडलं. ते भोक ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत.

सगळं सुरळीत चाललं होतं, फक्त बिअर अडली.

“बाबा, बिअर म्हणजे पातळ केलेला पाव,” मुलगी म्हणाली.

दारू अजिबात नको, असं ती म्हणाली नव्हती. डॉक्टरही तसं म्हणाले नव्हते. रिकाम्या पोटी नको आणि एका ग्लासापेक्षा जास्त नको, एवढंच म्हणाले होते. व्हिस्की, व्होडका असल्या गाळीव दारूत साखर नसते, पिष्टही नसतं, साध्या सोड्यातून थोडीशी घ्यायला हरकत नाही, अशी मुलीने परवानगी दिली. म्हणून एका शनिवारी दादांसमोर व्हिस्की आणि सोडा आला, बारक्यासमोर त्याची बिअर आली, आणि दोघं भाऊ दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखे शेजारी शेजारी बसले. ओतायचं काय आणि निवडायचं काय? प्रत्येकाचं वेगळं. त्यात दादांनी दुपारी कोबीशिवाय काही खाल्लं नव्हतं. भात-पाव बंद असलेल्या पोटात दारू किती लवकर चढते, हे मुलीने सांगितलं होतं, पण ते त्यांनी कोबीच्या पाककृतीबरोबर ऐकलं होतं, म्हणजे ऐकलंच नव्हतं. एक ग्लास संपायच्या आत ते सोमवारी पोचवायच्या कोचावर आडवे झाले आणि स्प्रिंगा कशा बांधतात ते छताला समजावून सांगू लागले. सांगता सांगता झोपले. सोमवारी कोच गेला तो त्यांच्या कुशीचा खळगा घेऊन.

पुढच्या शनिवारी बारक्याने डोकं चालवलं. एक लहान बाटली जिनची आणली, आणि सोबत टॉनिकच्या पाण्याची मोठी बाटली. दोघं तेच पिऊ, वाटून घेऊ. कडू आहे, म्हणजे साखर नसणार. मुलीला फोनवर त्याने अभिमानाने बाटलीची पाठ दाखवली. ती बराच वेळ वाचत राहिली.

“काका,” ती म्हणाली, “हे सरबत आहे. फक्त रागावलेलं.”

बारक्या हसला नाही. बाटली पिशवीत ठेवून तो म्हणाला, “राहू दे मग. तू नाही, तर मी पण नाही.” त्याला वाटलं त्याने थोरल्यासाठी त्याग केला. दादांना वाटलं त्याला कंटाळा आला. आणि हे एकमेकांना सांगायचं कुठे, तर त्याच बाटलीवर, जी बंद झाली होती.

त्यानंतर शनिवारी शटर पूर्ण खाली येऊ लागलं, वेळेवर. पहिल्या शनिवारी बारक्याच्या बायकोला वाटलं, ह्याला बरं नाहीये. तिने कपाळाला हात लावून बघितला.

दुकान गप्प झालं. मग खुर्च्यांचा प्रकार झाला. एका निवृत्त न्यायाधीशांनी त्यांच्या आणि बायकोच्या अशा जोडीच्या दोन खुर्च्या दुरुस्तीला टाकल्या होत्या. काम जास्त होतं म्हणून बारक्याने एक भरली, दादांनी एक. उंची किती ठेवायची हे दोघांनी एकमेकांना विचारलंच नाही. न्यायाधीश नेहमीच्या डाव्या खुर्चीत बसले, बाई उजव्या, आणि बाईंना नवऱ्याचं टक्कल वरून दिसू लागलं. न्यायाधीश चिडले नाहीत. म्हणाले, घरात तसं असंच आहे, पण ते पाहुण्यांना दिसायला नको. खुर्च्या परत आल्या आणि भिंतीशी उभ्या राहिल्या, एक उंच, एक बुटकी. दोघा भावांनी त्यांच्याकडे बघितलं आणि तोंडात खिळे भरले.

गुरुवारी दादा फोम आणायला गेलेले असताना बारक्या मशीनपाशी आला. कात्री उघडत-मिटत उभा राहिला. वहिनींनी पाय थांबवला.

त्याच्या मेहुण्याचा गाद्यांचा कारखाना होता, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे कापणारा माणूस हवा होता. मेहुणा कधीचा मागे लागला होता, आता सोमवारी सांग म्हणाला होता. बारक्याने हे सगळं कात्रीकडे बघत सांगितलं. इथे हल्ली आपली कुणाला गरज आहे असं वाटत नाही, असंही काहीसं तो पुटपुटला.

“तुमच्या दादांना बोललात, भाऊजी?”

“कधी बोलू?” बारक्या म्हणाला.

वहिनींना आधी ती सबब वाटली. मग त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो खरंच विचारत होता.

*

“कोरडी वाइन घ्या,” दुकानदार म्हणाला.

ओली वस्तू कोरडी कशी, हे वहिनींनी विचारलंच. त्याने सांगितलं, द्राक्षाच्या रसात साखर असते, ती खमीर, म्हणजे यीस्ट, खातं. जितकी जास्त खाईल तितकी वाइन कोरडी. काही वाइनमधे खमिराला मधेच थांबवतात, मग साखर उरते. त्याने फळीवरून एक निमुळती बाटली काढली. नेहमीच्या बाटलीच्या निम्म्याने, पांढऱ्या वाइनची, दोन ग्लास भरतील एवढी. हिच्यात खमिराने पार ताट चाटून पुसून ठेवलंय, तो म्हणाला. अगदी शून्य नाही म्हणणार मी, पण एका ग्लासात तुमच्या साहेबांना चालेल.

“म्हणजे साखर होती,” वहिनी म्हणाल्या, “पण ती दुसऱ्याने खाल्ली.”

“असं म्हणता येईल.”

“आणि चव?”

दुकानदाराने बाटली कागदात गुंडाळायला घेतली. प्रामाणिक माणूस होता, म्हणून थोडा वेळ लागला त्याला.

“सवयीने आवडते,” तो म्हणाला.

वहिनींनी भिंतीकडे तोंड केलेल्या सगळ्या बाटल्या पुन्हा सरळ करून दिल्या आणि निघाल्या.

*

संध्याकाळी बारक्याने शटर ओढायला हात वर केला, तेव्हा वहिनी म्हणाल्या, अर्धंच. त्याने मागे वळून बघितलं. टेबलावरचे कापडाचे तुकडे बाजूला झाले होते. एका ताटात उकडलेली अंडी, चीजचे तुकडे आणि बदाम होते, आणि मधोमध ती बाटली उभी होती. शेजारी तेच दोन ग्लास, जाड बुडाचे.

“हे काय?” दादा म्हणाले.

“आधी खा,” वहिनी म्हणाल्या. “दोन अंडी पोटात गेल्याशिवाय बाटली उघडायची नाही. या सोमवारीही एक कोच पोचवायचाय.”

दादांनी निमूटपणे अंडी खाल्ली. बारक्याने सोबत म्हणून तीन खाल्ली. वहिनी आपल्या मशीनवर जाऊन बसल्या आणि एक शिवून झालेली खोळ पुन्हा सुईखाली घेतली.

बाटलीला बूच होतं आणि बूच काढायचं हत्यार त्या दुकानात कधी नव्हतं. दादांनी बाटली हातात फिरवून पाहिली. मग फळीवरून एक लांब स्क्रू घेतला, तो बुचात पिळला, आणि खिळे उपटायच्या पकडीने असा अलगद ओढला की बुचाचा एक कणही आत पडला नाही. एवढ्या दिवसांत प्रथमच दोघं एकाच वेळी एकाच वस्तूकडे बघत होते.

बारक्याने सवयीने बाटली हातात घेतली. वास घेतला. मग करंगळी बाटलीच्या तोंडाला लावून जिभेवर टेकवली, आणि त्याचं भलंमोठं तोंड सगळीकडून आत ओढलं गेलं, तोंड बांधायची दोरी ओढल्यावर पिशवीचं होतं तसं. चहात तीन चमचे साखर घालणारा माणूस तो. त्याने पटकन तोंड पूर्ववत केलं आणि दादांकडे चोरून बघितलं. दादा एक बदाम निरखत होते.

मग त्याने दोन ग्लास शेजारी शेजारी ठेवले. एक डोळा मिटला, हनुवटी टेबलाला टेकवली आणि ओतू लागला.

वहिनींचा पाय थांबला. वाइनला फेस नव्हता. अंदाज चुकवायला काहीच नव्हतं. तरी एक ग्लास भरत गेला, भरत गेला, काठापासून बोटभर उरेपर्यंत. आणि दुसऱ्यात तळ झाकेल त्याहून थोडं जास्त. बारक्याने बाटली निथळेपर्यंत धरली आणि शेवटचे थेंबही भरलेल्या ग्लासात टाकले. मग हात मागे घेतला आणि छताकडे बघत बसला. त्याच्या तोंडावर असा निरागसपणा होता, की पोलिसाने बघितलं असतं तर लगेच धरलं असतं.

इतकी वर्षं मनात जपलेली ती टाचणी वहिनींच्या हाताला लागली, आणि त्यांना जाणवलं की ती उलट्या बाजूने टोचतेय. दादा कमी उचलणार हे याला माहीतच होतं. बिअरच्या वेळीही माहीत होतं, चांगलं माहीत होतं, आणि त्यावर हा आयुष्यभर बोटभर जास्त बिअर प्यायला होता. आज त्याच लबाडीने तो ते आंबट पाणी सगळं आपल्या वाट्याला घ्यायला निघाला होता.

दादांनी ताटातला बदाम तोंडात टाकला. हात झाडले. दोन्ही ग्लासांकडे नीट बघितलं, एखादी बैठक सरळ बसली की नाही ते बघतात तसं. मग हात पुढे केला आणि भरलेला ग्लास उचलला.

छताकडे बघणारा बारक्या खाली आला.

“दादा, तो नाही.”

“का?”

“तो… मोठा आहे.”

“दिसतंय.”

“चुकून पडलं जास्त. तू तो घे, छोटा.”

“ओतायचं तू,” दादा म्हणाले, “निवडायचं मी.”

बारक्याने मदतीसाठी मशीनकडे पाहिलं. “वहिनी, सांगा ना याला. साखर आहे त्याला.”

वहिनींनी त्या ग्लासाकडे बघितलं. डॉक्टरांनी एक ग्लास म्हटलं होतं. एकच होता. पोटात अंडी होती. त्यांनी खोळ सरळ केली.

“त्यात साखर नाहीये, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “ती आधीच दुसऱ्याने खाल्लीय.”

दादांनी घोट घेतला. त्यांची हनुवटी गळ्यात गेली, डोळे मिटले, खांदे एकदा वर जाऊन खाली आले.  बारक्याने आपला ग्लास उचलला आणि औषध घेतात तसं नाक धरून एका दमात संपवला. मग दोघं एकमेकांकडे बघत राहिले, आणि आधी बारक्याचं पोट हलायला लागलं, मग टेबल, मग ताटातले बदाम. हसताना दादांचा आवाज निघत नसे, फक्त डोळ्यांतून पाणी येई. तसं आलं.

“हे लोक विकत घेतात?” बारक्याने विचारलं.

“तुझी वहिनी घेते.”

मशीन पुन्हा सुरू झालं. वहिनी शिवून झालेल्या खोळीवर उगाच आणखी एक शिवण घालत होत्या, जी नंतर उसवावी लागणार होती. मशीन चालू असलं की दोघं मोकळं बोलतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

दादांनी आणखी एक घोट घेतला, मग एक चीजचा तुकडा, आणि भिंतीशी उभ्या खुर्च्यांकडे बोट दाखवलं.

“उंच तुझी ना?”

“हो.”

“तीच बरोबर आहे. जजसाहेबांचे गुडघे धरलेत, खालून उठता येत नाही त्यांना. मी बघायला हवं होतं.”

“मी सांगायला हवं होतं,” बारक्या म्हणाला.

 ग्लासातली वाइन हळूहळू खाली उतरत होती, आणि प्रत्येक घोटाला दादांची हनुवटी गळ्यात जात होती. अर्ध्या शटरखालून बाहेरच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. बारक्याने रिकामा ग्लास टेबलावर गोल फिरवला, मग दुसऱ्या बाजूने फिरवला.

“मेहुणा विचारत होता,” तो म्हणाला. “त्याच्या कारखान्यात कापणारा माणूस हवाय त्याला.”

मशीनचा वेग कमी झाला. वहिनींनी तो पुन्हा वाढवला.

दादांनी ग्लास उजेडाकडे धरून त्यात किती उरलंय ते पाहिलं. निम्म्याहून कमी होतं. तेवढं त्यांनी एकाच घोटात संपवलं, आणि या वेळी तोंड वाकडं केलं नाही.

“त्याला सांग,” ते म्हणाले, “आमच्याकडे एकच आहे.”

बारक्याने मान हलवली. मग ताटातलं उरलेलं अंडं उचललं, त्याचे बरोबर मधोमध दोन भाग केले आणि ते दादांच्या पुढे धरले. धाग्याचाही फरक नव्हता.

*

सोमवारी बारक्याने कापता कापताच मेहुण्याला फोन केला. एक हात कात्रीवर, फोन कान आणि खांद्याच्या मधे, आणि आवाज असा मोठा, की सगळ्या दुकानाला ऐकू जावा. नाही जमणार म्हणाला. तोंडात टाचण्या होत्या म्हणून त्याला ते दोनदा सांगावं लागलं. दादा बुटक्या खुर्चीची बैठक उसवून पुन्हा भरत होते. ते वर न बघता खिळे ठोकत राहिले, पण हातोडी जरा हलक्या हाताने चालली होती.

पुढच्या शनिवारी दुपारी वहिनी दुकानात शिरल्या, तेव्हा दुकानदाराने त्यांना लांबूनच ओळखलं. फळीवरच्या बाटल्या त्याने जरा जवळ ओढून घेतल्या.

“काय म्हणाले घरी?” त्याने विचारलं. “आवडली का?”

“नाही,” वहिनी म्हणाल्या. “दोघांनाही नाही आवडली.”

दुकानदाराचा चेहरा पडला. त्याने मागच्या फळीकडे हात केला. तिथे आणखी दोन-तीन प्रकार होते. एक जरा कमी आंबट होती, साखर तीही फारशी नसलेली, नव्या माणसाला बरी पडते, असं तो सांगू लागला.

वहिनींनी पर्स उघडली.

“नको,” त्या म्हणाल्या. “तीच द्या.”